नदीकाठी सायकल चालवताना या चुका टाळा

पुण्यात मुठेच्या पात्रातला रस्ता पहाटे मोकळा मिळतो. सिग्नल नाही, बसचा धूर नाही, पायांना आपोआप जोर येतो. पण तेवढ्या वेळात तिथे चालायला आलेली माणसंही असतात, आणि पहिली चूक त्यांच्या बाबतीत होते.

घंटी अगदी पाठीशी येऊन वाजवू नका. मी तेच केलं होतं. पुढचे आजोबा दचकून वळले, ते नेमके माझ्याच बाजूला. माझं हँडल त्यांच्या कोपराला घासलं. ते “असू दे गं” म्हणाले, पण मला दिवसभर चैन पडलं नाही. आता मी पंधरा-वीस मीटर आधी एकदाच घंटी वाजवते, पायडल थांबवते आणि तोंडाने सांगते, “काका, उजवीकडून येतेय.” घंटीने मागे कुणीतरी आहे एवढंच कळतं, बोलल्यावर बाजू कळते. कानात इयरफोन असलेला माणूस दिसला तर चालण्याच्या वेगाने जा, दुसरा उपाय नाही.

आता पाण्याचं. शहरात ऊन पडलंय म्हणून भिडे पुलाकडे निर्धास्त वळू नका. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या डोंगरात पाऊस झाला की खडकवासला धरणातून विसर्ग सुरू होतो, म्हणजे पाणी सोडतात, आणि हा बुटका पूल पाण्याखाली जातो. विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, आणि बातमीत आकडा हजारांत असतो. पावसाळ्यात निघण्याआधी विसर्गाची बातमी बघाच. बॅरिकेड लावलं असेल तर बाजूच्या फटीतून सायकल घालू नका. गढूळ पाण्याखाली पुलाची कड दिसत नाही.

पाणी ओसरल्यावरचा गाळ मला जास्त फसवा वाटतो. वरून वाळून पापुद्रे धरलेले, अंगठ्याने दाबलं की खाली लोण्यासारखा ओला. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच. वेग आधीच कमी करा, गाळावर हँडल सरळ ठेवा, ब्रेकला हात लावू नका. वळणावर गाळ असेल तर सरळ उतरून ढकला. घाटाजवळ निर्माल्य कुजलेलं असेल तिथेही हेच.

ब्रेक लागत नाही अशी तक्रार पावसात हमखास होते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे रिमवरचं पाणी पुसण्यातच जातात. म्हणून अधूनमधून हलकेच ब्रेक दाबून रिम कोरडी करत राहा. तरीही करकर आवाज येत असेल तर ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुतलेले असतात. ते टाचणीने उकरून काढा, नाहीतर रिमवर चरे पडतात.

पुढचा दिवा खाली झुकवा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत गेला तर त्याला ना तुम्ही दिसता, ना पायाखालचा खड्डा.

खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी कणसाच्या गाड्यांसमोर मोटारी उभ्या असतात. दार उघडलं तरी लागणार नाही इतकं त्यांच्यापासून लांबून जा, ते कधीही उघडतं. फोटो काढायचा असेल तर सायकल रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, नुसता पाय टेकवून मध्येच थांबू नका.