अजमेर शरीफला स्वस्तात जाऊन यायचंय? या चुका टाळा

अजमेरला जायला फार पैसे लागत नाहीत. मुंबईकरांना दादर-अजमेर आहे, पुणे-मिरजेकडच्यांना म्हैसूर-अजमेर आहे, आणि स्टेशनावर उतरलं की दर्गा पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. तरीही परत आलेला माणूस म्हणतो, "खर्च फार झाला हो." मीही पहिल्या खेपेला हेच म्हणालो होतो. मग हिशेब मांडला, तर गाडी आणि खोली मिळून जेवढे गेले, जवळपास तेवढेच निजाम गेट हे दर्ग्याचं मुख्य दार ते मजार, म्हणजे ख्वाजांची कबर, या शे-दोनशे पावलांत गेलेले. कुणी लुटलं नव्हतं. नको म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच.

उरुसाची तारीख न बघता तिकीट काढणं

ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचा उरूस रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत असतो. चांद्र महिना असल्याने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2025 मध्ये तर उरूस दोनदा आला, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. "मागच्या वर्षी अमुक तारखेला होता" या हिशेबावर जाल तर फसाल. त्यातून सुरुवात चंद्रदर्शनावर, म्हणजे एक दिवस इकडे-तिकडे होतोच.

उरूसच बघायचा असेल तर खुशाल जा. रात्रभर मेहफिलखान्यात चालणारी कव्वाली पुन्हा मिळायची नाही. पण तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि कमी पैशांत राहायचं तर गावाबाहेर कायड विश्रामस्थळी. नुसती जियारत, म्हणजे मजारीचं दर्शन, करायची असेल तर उरूस टाळा, जमलं तर गुरुवार-शुक्रवारही टाळा. कार्तिकात पुष्करची जत्रा असते, तिचीही झळ अजमेरच्या खोल्यांना लागते. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. तो दिवस चुकला आणि वेटिंग लांबलं, तर जयपूरपर्यंतचं तिकीट बघा. तिथून अजमेर 130 किलोमीटर, आणि एसटीसारख्या रोडवेजच्या गाड्या भरपूर.

आणि स्वेटर घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे संगमरवरावर अनवाणी उभं राहिलं की खरी थंडी काय, ते कळतं.

रिक्षावाल्याला "चांगलं हॉटेल दाखवा" म्हणणं

त्याचं कमिशन तुमच्याच बिलात येतं. शिवाय दर्गा बाजाराच्या गर्दीत रिक्षा शिरत नाही, अलीकडेच उतरून बोचकी घेऊन चालावं लागतं. दर्ग्याला अगदी खेटून असलेल्या खोलीचा मोह नको. मदार गेट, स्टेशन रोडच्या बाजूला तेवढ्याच पैशांत हवेशीर खोली मिळते. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा, आजीचंसुद्धा. एका दिवसात परतणार असाल तर खोली घेऊच नका, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप मात्र हवं. तसंही मोठ्या बॅगा दर्ग्यात नेऊ देत नाहीत.

आकडा न ठरवता आत जाणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक.

भावाच्या मुलाचा नवस होता म्हणून आईला घेऊन गेलो होतो. बाजारात एका दुकानदाराने चपला ठेवून घेतल्या, "पैसे नकोत, माताजी" म्हणाला, आणि गुलाबाची टोपली आईच्या हातात दिली. भाव विचारायचं राहूनच गेलं. आत खादिमांनी, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनी, डोक्यावर चादर धरून दुआ केली, मोरपिसांचा कुंचा फिरवला, मनगटाला धागा बांधला. मग वही उघडली. वरच्या ओळीत आमच्याच जिल्ह्यातलं कुणाचं तरी नाव, त्यापुढे एकवीसशे. आईने ती ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि कुणी काही म्हणायच्या आत कमरेची पिशवी सोडली. परतीच्या रिक्षाचे पैसे त्यातच होते. स्टेशनपर्यंत चालत गेलो.

यात रागावण्यासारखं काही नाही, व्यवस्था समजून घ्यायला हवी. खादिमांचं काम पिढीजात आहे. त्यांना पगार नाही, भाविकांचा नजराणा हीच कमाई. दर्गा कमिटी वेगळी, ती 1955 च्या कायद्याने चालते. खादिमांच्या हातात दिलेले पैसे दर्ग्याच्या कामाला गेले असं धरून चालू नका. दर्ग्यासाठीच द्यायचे असतील तर कमिटीच्या कार्यालयात द्या आणि पावती घ्या.

म्हणून बाहेर पडतानाच ठरलेली रक्कम वेगळ्या खिशात, सुट्ट्या नोटांत ठेवा. टोपलीचा भाव हातात घेण्याआधी विचारा. चादर चढवलीच पाहिजे असं काही नाही, मूठभर फुलांनीही जियारत होते. देगेचंही, म्हणजे आवारातल्या प्रसाद शिजवायच्या अवाढव्य कढईचंही, तसंच. बडी देग अकबराने दिलेली, छोटी जहांगीराने. पूर्ण देग चढवणं, म्हणजे ती भरून शिजवायचा सगळा खर्च देणं, हे लाखांचं काम. कुणी "देगेत हिस्सा" म्हणाला तर हसून "जी, वर जाऊन टाकतो" म्हणा, पायऱ्या चढा आणि आपल्या हाताने दहा रुपये टाका. आत वाकून बघाच, नोटांच्या मध्ये तांदळाच्या पिशव्या पडलेल्या दिसतील. वहीत मोबाइल नंबर लिहिलात तर पुढच्या उरुसाचं निमंत्रण येणार, हे धरून चाला.

दुपारी तीनला पोचणं

त्या सुमारास मजारीची खिदमत, म्हणजे सेवा, असते आणि आत जाणं थांबतं. लोक रांगेत ताटकळतात, मग कंटाळून बाजारात शिरतात आणि नको ते घेतात. सकाळी लवकर जा. किंवा त्या वेळात मागच्या गल्लीने अढाई दिन का झोंपडा ही जुनी मशीद बघून या, चालत काही मिनिटांवर. इल्तुत्मिशच्या काळातल्या कमानींवरचं कोरीव काम बघायला तिकीटही नाही.

लंगरला लाजणं

शाकाहारी मंडळी उगाच बिचकतात. देगेत शिजतो तो तूप, साखर, सुकामेवा घातलेला केशरी भात. त्यात मांस नसतं, सगळ्यांना खाता यावं म्हणूनच. लंगरखान्यात जवाचा दलियाही वाटतात. रांगेत भांडं लागतं, घरून एक स्टीलचा डबा न्या. एरवी नाश्त्याला कढी-कचोरी. कचोरी कुस्करून वर गरम कढी ओततात, एका प्लेटीत दुपार निघते.

पुष्करला टॅक्सी करू नका, पंधरा किलोमीटरसाठी बस आहे. तिथेही घाटावर कुणी हातात फूल ठेवलं की वहीवाला प्रसंग आठवा.

घरी न्यायचा सोहन हलवा शेवटच्या दिवशी घ्या. डब्यावर देशी तूप आहे की वनस्पती ते वाचा आणि समोर तुकडा मोडून चाखायला मागा. देतात.