ऊन एवढं, मग लाइट कमी का? सोलर, कूलर आणि गोबरगॅसच्या या चुका टाळा

मे लागला की मला रोज एकच फोन येतो, फक्त गाव बदलतं. "भाऊ, हिवाळ्यात बॅटरी रातभर पुरे. आता एवढं ऊन तापते, तरी बाराले इन्व्हर्टर बोंबलते. पॅनल खराब देल्लं काय मले?"

पॅनल बहुतेक वेळा चांगलंच असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-नेर भागात मी सोलर बसवतो, आणि बसवण्यापेक्षा दुसऱ्याने बसवलेलं दुरुस्तच जास्त करतो. इतक्या वर्षांत एक गैरसमज मला घरोघरी भेटला: आपल्या विदर्भात ऊन भरपूर, म्हणजे वीजही भरपूर. पॅनल उजेडावर चालतं, गरमीवर नाही. गरमी तर त्याची वैरीण आहे.

पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरवर जे वॅट लिहिलेले असतात, ते पॅनल 25 अंशांवर असतानाचे. मे अखेरच्या नवतप्यात आपल्याकडे हवाच 45 च्या आसपास असते आणि टिनावर ठेवलेलं पॅनल 65-70 अंशांपर्यंत तापतं. 25 च्या वर गेलेल्या प्रत्येक अंशामागे साधारण 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे भर दुपारी 15 ते 18 टक्के तिथेच गेली. त्यात हिवाळ्यात पंखा बंद असतो आणि मे महिन्यात तो रात्रभर फिरतो. कमाई घटली, खर्च वाढला. हा हिशेब विकत घेण्याआधी मांडायचा असतो.

बारीक वायर आणि तापलेली बॅटरी

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता अंगणात पाय ठेवल्यावर माझी नजर आधी वायरीवरच जाते.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात एक निवृत्त गुरुजी राहतात. घरावर कडुनिंबाची सावली, म्हणून बसवणाऱ्याने 160 वॅटचं 12 व्होल्टचं पॅनल गोठ्याच्या टिनावर ठेवलं. निर्णय बरोबर होता. पण गोठ्यापासून घरापर्यंत 15 मीटर अंतर, आणि त्याने ओढली घरातल्या दिव्यांना वापरतात ती 1.5 चौरस मिलिमीटरची वायर. का? तर गाडीत तेवढीच शिल्लक होती, आणि अंधार पडायच्या आत त्याला दुसरं घर गाठायचं होतं. भार काही मोठा नव्हता: तीन बल्ब आणि एक कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा. तरी पहिली 100 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी चौदा महिन्यांत बसली. गुरुजी दुकानात गेले, दुकानदाराने बॅटरीला दोष दिला आणि दुसरी बॅटरी दिली. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत तीही बसली. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाचे दोन बॅटऱ्यांचे पैसे पाण्यात गेले.

मी गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुद्दाम तीच वेळ निवडली होती. गोठ्यावर चढून पॅनलच्या तोंडाशी मीटर लावला: 15.3 व्होल्ट. थंडीत हेच पॅनल 18 च्या जवळ देतं. खाली येऊन बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला: 12.8. मधले अडीच व्होल्ट वायरीतच मेले होते. वीज जाते आणि परतही येते, म्हणून 15 मीटर अंतराची वायर 30 मीटर धरायची. 1.5 च्या वायरीत एवढ्या लांबीला साधारण 0.36 ओहम रोध भरतो. सात अँपिअर वाहिले की अडीच व्होल्ट गेलेच. 12 व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीला पूर्ण भरायला 14.4 च्या आसपास व्होल्ट लागतात. गुरुजींच्या बॅटरीला उन्हाळ्यात ते एक दिवसही मिळाले नव्हते. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि तो एकदा घट्ट झाला की निघत नाही.

6 चौरस मिलिमीटरची वायर टाकली, बाकी काही केलं नाही, आणि त्याच उन्हात बॅटरीपाशी 14.3 दिसले. गुरुजी मीटरच्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग एवढंच म्हणाले, "वायरीपायी गेल्या म्हणा दोन्ही."

वायरीपायी, आणि जागेपायी. बॅटरी होती टिनाच्या सैपाकघरात, चुलीपासून चार हातांवर. लेड-अॅसिड बॅटरी 25 अंशांवर जितकी जगते, त्याच्या वर कायम दहा अंश ठेवली तर साधारण निम्मी जगते. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे चुलीजवळ ती ठेवूच नये. आम्ही ती मातीच्या भिंतींच्या माजघरात झरोक्याखाली नेली, खाली लाकडी फळी टाकून. गुरुजींची तिसरी बॅटरी आज चार वर्षं झाली, चालू आहे.

याच प्रकरणातली पोटचूक म्हणजे बॅटरीत बोअरचं पाणी ओतणं. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातच तसं करू नये असं नाही, कुठेच करू नये. आरओच्या कॅनचं पाणीही चालत नाही, कारण त्यातही क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरच आणा आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बॅटरीवर खडूने तारीख लिहून येतो. पुढच्या वेळी गेलो आणि तीच तारीख दिसली, तर मला स्पष्ट बोलावं लागतं.

लाइट गेली की सोलरही गेलं

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान. चांगली योजना आहे, बिल खरंच उतरतं. 1 किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतं, पावसाळ्यात कमी. पण खेड्यातला माणूस पॅनल लावतो तो लाइट जाते म्हणून, आणि योजनेत नुसतं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय गावच्या लाइनला जोडलेलं, बसवलं तर गावची लाइट गेल्यावर तेही बंद होतं. तो बिघाड नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरून उलट गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. भर उन्हात पॅनल चकाकतंय आणि घरात पंखा बंद, हे पाहून माणूस पहिल्यांदा चक्रावतोच. नेरकडच्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "मंग मांडलं कायले?" त्यांना हे आधी सांगणं बसवणाऱ्याचं काम होतं. ते न सांगता सही घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रात्रीची सोय हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, नाहीतर एक छोटा इन्व्हर्टर वेगळा ठेवा. मी स्वतः दुसरा मार्ग सांगतो, कारण एक बिघडला तरी दुसरा चालतो.

छोट्या, पण रोजच्या चुका

पाण्याच्या टाकीची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी त्या पॅनलची तिसरा हिस्सा वीज जाऊ शकते. "जराशीच तर हाय" असं म्हणू नका.

पॅनल सकाळी थंड असताना धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्यांचंही तेच: रिकाम्या तापलेल्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडलं की त्या तडकतात.

दक्षिणेकडे तोंड, साधारण 20 अंश उतार आणि टिनापासून किमान वीतभर उंच, म्हणजे खालून वारा खेळतो. नटबोल्ट जमिनीवर नीट आवळून मग वर चढवा. अवकाळीच्या वावटळीत उडालेलं पॅनल मी शेजारच्या वावरातून उचलून आणलं आहे.

हीटिंग रॉड आणि इस्त्री इन्व्हर्टरवर नाही म्हणजे नाही.

शेतातल्या सोलर पंपाच्या पॅनलवरून घरात लाइन ओढू नका. तिथे शेकडो व्होल्ट डीसी असते, तिचा जाळ एकदा धरला की सुटत नाही.

कूलर घेण्याआधी छत बघा

150 एएचच्या एका बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरायचे, त्यातून इन्व्हर्टरचा तोटा वजा केला की हाती आठशेच्या आत उरतात. मोठा लोखंडी कूलर 200 वॉटच्या आसपास खातो. रात्री दहाला लावला की दोनच्या आत खेळ आटोपला. लोक यावर दुसरी बॅटरी विचारतात. मी विचारतो, स्लॅबला चुना लावला का?

चुना, थोडा डिंक, दोन हात, आखाजीच्या आत. पांढरं छत ऊन परत फेकतं. चुना लावलेल्या स्लॅबवर दुपारी अनवाणी उभं राहता येतं, शेजारच्या काळ्या स्लॅबवर पाय टेकवत नाही. रात्री खोलीत जो दाह उतरतो तो याच स्लॅबचा असतो. आपल्या जुन्या घरांना हे कळत होतं. सेवाग्रामला बापूकुटीत भर मे महिन्यात जाऊन उभे राहा. 1936 साली गांधीजी या गावात राहायला आले. मातीच्या भिंती, कवेलूचं छत, खाली उतरलेली वळचण. जुनं मातीचं घर पाडून टिनाचं बांधणाऱ्याला मी एकदा तरी थांबवून बघतो.

कूलर लावलाच तर समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून बसलं की खोली दमट होते आणि दमट हवेत पाणी उडत नाही, मग गारवा कुठून येणार? मृगानंतर तो तसाही काम करत नाही, पंखा लावा. साधा पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी 30-35.

आणि पाणी टाकण्याआधी पिन काढा, बटण बंद करून भागत नाही. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, दोन पिनचा प्लग. आपल्याकडे दर उन्हाळ्यात याने माणसं जातात, त्यात लहान लेकरंही असतात. तीन पिन, खरी अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारं बटण) लागलेला नसेल, तर मी त्या घरात इन्व्हर्टरची लाइन चालूच करत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत राहा. कोरड्या मातीत अर्थिंग काम करत नाही.

गोबरगॅस: ढोरं मोजा, उताविळी नको

बॅटरीला मारणारी गरमी गोबरगॅसला मात्र लागते. शेणातले जिवाणू 35 अंशांच्या आसपास सगळ्यात जोमाने काम करतात. म्हणून टाकी पहिल्यांदा भरायची तर मार्चमध्ये. डिसेंबरात भरून महिनाभर वाट पाहिलेले आणि वैतागून झाकण ठेवून दिलेले लोक मला माहीत आहेत.

मागच्या वर्षी एका तरुण पोराने बोलावलं. 2 घनमीटरची टाकी, नवी कोरी, आणि गॅस फक्त एका चहापुरता. "दादा, बांधणाऱ्यानं फसोलं." गोठ्यात तीन गवळाऊ गाई. मी विचारलं, दिवसा कुठे असतात? चरायला. म्हणजे निम्मं शेण रानात. घरी पडत होतं जेमतेम वीस किलो, आणि 2 घनमीटरला रोज 50 किलोच्या आसपास लागतं. कमी पडलेलं त्याने पाण्याने भरून काढलं होतं. टाकीच्या तोंडाशी हात घातला तर राबडी ताकासारखी पातळ, बोटांत कुटार अडकलेलं, आणि गोठा फिनाइलने धुऊन तेच पाणी आत सोडलेलं. फिनाइलने जिवाणू मरतात, मग गॅस करणार कोण?

शेण आणि पाणी समसमान. मी हाताने कालवतो, काठीने नाही, कारण खडा आणि कुटार हातालाच लागतं. आम्ही शेजारच्या दोन घरांशी बोलून शेण ठरवलं. बदल्यात त्यांना निघालेली स्लरी खताला. फिनाइल बंद. मग त्याला सांगितलं की आता तीन आठवडे मला फोन करायचा नाही. त्याने चौथ्या दिवशी केला. पहिला गॅस जळत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो दोन-तीनदा सोडून द्यावा लागतो, हे त्याला पुन्हा समजावलं. गॅस आला का हे बघायला टाकीजवळ काडी ओढायची नाही, शेगडीवरच बघायचं. आणि टाकी साफ करायला कोणीही आत उतरायचं नाही. वरून कितीही रिकामी दिसली तरी आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.

बाविसाव्या दिवशी निळी ज्योत धरली. थंडीत गॅस निम्म्यावर येईल हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून दिवाळीनंतर तो शेण कालवायला उन्हात ठेवलेलं पाणी घेऊ लागला आणि टाकीभोवती कुटाराचा जाड थर रचला. जानेवारीत त्याच्या आईचा फोन आला, ज्योत फडफड करते, विझते. ते गॅस कमी असल्याचं लक्षण नाही, पाइपात पाणी साचल्याचं आहे. पाइपाच्या सगळ्यात खालच्या वळणावर एक टोपण असतं. मी फोनवरच ते उघडायला लावलं. पेलाभर पाणी निघालं आणि त्यांनी चहा ठेवला.