बिटकॉइनचा व्यवहार करण्याआधी: नोंद कोणाच्या वहीत आहे?

मी व्यवसायाने हिशेब तपासते. समोर शिल्लक आली की माझा पहिला प्रश्न रकमेचा नसतो. ही नोंद कोणाच्या वहीत आहे आणि ती खोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे मी आधी विचारते. बिटकॉइन घ्यायला निघालेल्या नव्या माणसालाही मी हेच विचारायला सांगते. भाव, आलेख, कुठलं नाणं वर जाणार हे शिकवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात मला गती नाही. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं बिटकॉइनच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतल्या वापरकर्त्यांनी नाणी घालवून शिकलेलं आहे. साधनं आता पुष्कळ सुधारली आहेत, पण नाणी हरवण्याच्या आणि लुबाडली जाण्याच्या तऱ्हा मात्र जवळजवळ त्याच आहेत.

सुरुवात एका कागदाने करा. त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य संगणकांनी मिळून सांभाळलेल्या बिटकॉइनच्या सामायिक वहीत असलेली आणि ज्यांची किल्ली (नाणी खर्च करू देणारा गुप्त आकडा) तुमच्याकडेच आहे ती नाणी. दुसऱ्यात एक्स्चेंजच्या (नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या) खात्यात 'दिसणारी' नाणी. तिसऱ्यात बँकेतून किंवा पेमेंट सेवेतून येऊ घातलेले पैसे. पहिल्या रकान्यातली नोंद व्यवहारात कोणालाही मागे फिरवता येत नाही, तुम्हालासुद्धा. दुसऱ्या रकान्यातली नोंद एक्स्चेंजच्या मालकाच्या वहीतली आहे. ब्लॉकचेनला तुमचं नावही माहीत नाही. तिसऱ्या रकान्यातली नोंद तक्रार आली तर उलटवली जाऊ शकते. तिन्ही आकडे एकत्र मिळवून 'माझ्याकडे एवढे बिटकॉइन आहेत' असं म्हणू नका. माझ्या धंद्यात अशा बेरजेवर सही करत नाहीत.

पहिल्या रकान्याला एक तळटीप द्यायला हवी. १५ ऑगस्ट २०१० रोजी सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे एका ब्लॉकमध्ये, म्हणजे या वहीच्या एका पानावर, १८,४०० कोटींहून अधिक नाणी निर्माण झाली होती. एकूण नाणी २.१ कोटींच्या वर जाऊच नयेत अशी रचना असताना! काही तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर आलं, लोकांनी ते चालवलं आणि तो ब्लॉक मागे पडून वहीतून बाद झाला. म्हणजे ही वहीसुद्धा ती चालवणाऱ्यांच्या संमतीवर उभी आहे. पण तुमचा चुकून गेलेला एखादा व्यवहार परत आणायला हे सगळे लोक पुन्हा एकत्र येणार नाहीत, एवढं धरून चाला.

किल्ली आणि तिची प्रत

पहिल्या काळात सगळ्या किल्ल्या संगणकावरच्या एका फाइलीत असत. तिची प्रत काढली की झालं, असं लोकांना वाटे. २०१० मध्ये एकाने ९,००० नाण्यांपैकी एक नाणं स्वतःलाच पाठवलं. उरलेली ८,९९९ 'सुटे परत' म्हणून सॉफ्टवेअरने आपोआप एका नव्या खातेक्रमांकासारख्या पत्त्यावर, म्हणजे अ‍ॅड्रेसवर टाकली. त्या अ‍ॅड्रेसची किल्ली जुन्या प्रतीत नव्हती. मूळ फाइल गेली तशी नाणीही गेली. त्यानंतर सॉफ्टवेअर १०० किल्ल्या आगाऊ तयार ठेवू लागलं, तरी प्रत शिळी होण्याची भीती संपली नाही; ती फक्त पुढे ढकलली गेली. आणि त्या फाइलीला पासवर्डचं कुलूप लावायची सोय तर सप्टेंबर २०११ मध्ये आली. त्याआधी फाइल उचलून नेणाऱ्याला आणखी काही करावंच लागत नसे.

आजच्या बहुतेक वॉलेटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या अॅपमध्ये किंवा यंत्रात) सुरुवातीला मिळणाऱ्या बारा किंवा चोवीस शब्दांतून सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात, त्यामुळे प्रत शिळी होत नाही. पण आता लोक दुसरीकडे घसरतात. शब्द लिहून ठेवतात आणि ते चालतात का, हे कधीच पाहत नाहीत. न तपासलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे, असं मी धरते.

तपासणी अशी करा. नवं वॉलेट तयार करा, शब्द हाताने कागदावर लिहा आणि पहिला अ‍ॅड्रेस वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. त्यावर अगदी थोडी रक्कम पाठवा. मग वॉलेट पूर्ण पुसून टाका. होय, रक्कम आत असतानाच. आता फक्त कागदावरून ते पुन्हा उभं करा. रक्कम दिसली आणि तो अ‍ॅड्रेस यादीत सापडला की त्यातली थोडी बाहेर पाठवून पाहा. बाहेर जाते म्हणजे किल्ली खरी आहे. यानंतरच मोठी रक्कम आणा. ही कसरत सांगितली की लोक कुरकुरतात, आणि कुरकुरणाऱ्यांच्याच कागदावर हमखास एखादा शब्द अर्धवट असतो. इंग्रजी यादीत एकूण २,०४८ शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. त्यामुळे निदान ती चार अक्षरं तरी सुवाच्य काढा.

शब्दांच्या जोडीला स्वतःचा एक जादा गुप्त शब्दसमूह, म्हणजे पासफ्रेज, ठेवता येतो. तो वापरणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. पासफ्रेज चुकला तर वॉलेट 'चूक' असं सांगत नाही. ते मुकाट्याने दुसरंच, रिकामं वॉलेट उघडून देतं. एक मोठं अक्षर लहान झालं तरी शिल्लक शून्य. घाबरून लोक भलत्या माणसाकडे 'रिकव्हरी' साठी जातात, आणि तिथे उरलेलंही देऊन बसतात. नवशिक्यांना मी पासफ्रेज वापरू नका असंच सांगते.

शब्दांचा फोटो काढू नका, ईमेलमध्ये ठेवू नका, कुठल्याही वेबसाइटवर टाइप करू नका. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या ठेवणारं छोटं यंत्र, घेत असाल तर ते थेट बनवणाऱ्याकडूनच घ्या. डब्यात शब्द आधीच छापलेले निघाले तर ते यंत्र वापरायचं नाही: ते शब्द दुसऱ्या कोणाकडे नक्की आहेत. आणि डोक्यातल्या एखाद्या आवडत्या वाक्यातून किल्ली बनवण्याचा नाद सोडा. पूर्वी ती फार हुशारीची युक्ती मानली जाई. चोरांनी प्रसिद्ध ओळी, म्हणी आणि पासवर्डच्या याद्या संगणकाला देऊन अशी वॉलेटं रिकामी केली.

अनोळखी माणसाशी सौदा

सुरुवातीला एक्स्चेंज कमी आणि माणसामाणसांतले सौदे जास्त. बिटकॉइन-ओटीसी या चॅट खोलीत लोक एकमेकांना उणे १० ते अधिक १० असे गुण देत, आणि 'मी तोच माणूस आहे' हे डिजिटल सहीने सिद्ध करत. मला ही पद्धत आजच्या तारांकित रेटिंगपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण तिथे बेरजेपेक्षा गुण कोणी दिले हे पाहायची सवय होती. तुम्हीही तेच पाहा. गुण देणाऱ्यांपैकी कोणाला तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी ओळखतं का? सौदे किती रकमेचे होते? सगळे गुण एकाच आठवड्यात आले आहेत का? छोटे सौदे चोख करून नाव कमवायचं आणि एका मोठ्या सौद्यात सगळं घेऊन पसार व्हायचं, ही चाल तेव्हाही होती, आजही आहे.

नाव तेच आणि माणूस दुसरा, हाही जुनाच प्रकार. खात्री करायची असेल तर समोरच्याने आधीच्या सौद्यात वापरलेल्या अ‍ॅड्रेसच्या किल्लीने एक वाक्य सही करून मागा. वाक्य तुम्ही द्या, आणि त्यात आजची तारीख व सौद्याची रक्कम घाला, म्हणजे जुनी सही उचलून पुढे करता येणार नाही. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही.

आता पैशांचा क्रम. पेपालवर पैसे घेऊन नाणी विकणाऱ्यांना हा धडा फार लवकर मिळाला: नाणी गेली ती गेली, आणि काही दिवसांनी खरेदीदाराने तक्रार करून पैसेही परत घेतले. उलटवता येणारी आणि न येणारी अशा दोन रकमांची अदलाबदल होते, तेव्हा सगळी जोखीम न उलटणारी रक्कम देणाऱ्याच्या माथी बसते. म्हणून नाणी विकताना 'पैसे आले' एवढ्यावर समाधान मानू नका. ते परत जाण्याची मुदत संपली का, हे पेमेंट सेवेच्या नियमांत वाचा. पैसे ज्याच्याशी बोलणी झाली त्याच्याच नावाच्या खात्यातून आले पाहिजेत. 'मित्राच्या खात्यातून पाठवतो' असं म्हटलं की सौदा तिथेच थांबवा. ते खातं बहुधा चोरलेलं असतं, आणि खरा मालक जागा झाला की चौकशी तुमच्या दारात येते.

मोठी रक्कम असेल तर तुकडे करा. दहा हप्ते पाडले तर कुठल्याही क्षणी अडकलेली रक्कम एका हप्त्याएवढीच राहते. ज्याचं नाव कमी त्याने आधी पाठवायचं. मध्यस्थ घ्यायचा असेल तर तीनपैकी दोन सह्यांचा पत्ता करा: एक किल्ली तुमची, एक समोरच्याची, एक मध्यस्थाची. दोघं खूश असतील तर मध्यस्थाची गरजच पडत नाही, आणि मध्यस्थ एकटा काही पळवू शकत नाही. २०१२ पासून ही सोय वापरायला सोपी झाली आहे, तरी लोक अजून सगळी नाणी मध्यस्थाच्या वॉलेटमध्ये ठेवून मोकळे होतात! मध्यस्थ मात्र तुम्ही शोधा. समोरच्याने सुचवलेला मध्यस्थ म्हणजे पुष्कळदा तोच माणूस दुसऱ्या नावाने.

नाणी घेत असाल तर कन्फर्मेशनची, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदला जाऊन त्यावर पुढचे ब्लॉक येण्याची, वाट पाहा. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो. मोठ्या रकमेला सहा ब्लॉक थांबायचा प्रघात आहे, म्हणजे साधारण तासभर. बिटकॉइनच्या जनकाच्या, सातोशी नाकामोतोच्या, २००८ च्या मूळ लेखात याचं गणित आहे: हल्लेखोराकडे वही चालवणाऱ्या संगणकांच्या एकूण ताकदीच्या १० टक्के असेल तर पाच ब्लॉकनंतर व्यवहार पालटण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी होते. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये पाहा.

पाठवताना अ‍ॅड्रेस कधीही जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. सुरुवात आणि शेवट सारखा दिसणारा खोटा अ‍ॅड्रेस त्या यादीत मुद्दाम पेरला जातो. कॉपी केलेला अ‍ॅड्रेस बदलून टाकणारे व्हायरसही आहेत. मधली अक्षरंसुद्धा वाचा, आणि आधी थोडी रक्कम पाठवा.

एक्स्चेंजवर किती ठेवायचं

माउंट गॉक्स हे एकेकाळचं सर्वांत मोठं एक्स्चेंज. १९ जून २०११ रोजी तिथल्या एका घुसखोरी झालेल्या खात्यातून धडाधड विक्री झाली आणि भाव काही मिनिटांत १७ डॉलरवरून एका सेंटवर आला. स्वस्तात नाणी मिळाली म्हणून हरखलेल्यांचे सौदे एक्स्चेंजने नंतर रद्द केले. वही त्यांची, खोडरबरही त्यांचं. त्याच सुमारास तिथल्या हजारो ग्राहकांची नावं, ईमेल आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डची गुंतवून साठवलेली रूपं) फुटले, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरणाऱ्यांची तिथलीही नाणी गेली. तेव्हा प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, एसएमएसऐवजी अ‍ॅपचा दुसरा कोड, आणि बाजारात घेणारे-विकणारे कमी असताना 'मिळेल त्या भावाने' ऐवजी ठरलेल्या भावाचीच ऑर्डर. इतकं तर कराच.

पण या एक्स्चेंजकडून शिकण्यासारखं खरं वेगळंच आहे. २०१३ मध्ये तिथला भाव इतर ठिकाणांपेक्षा ठळकपणे जास्त असे. अनेकांना ती कमाईची संधी वाटली. प्रत्यक्षात डॉलर बाहेर काढायला महिनेमहिने लागत होते, म्हणून अडकलेले लोक जास्त भाव देऊन नाणी घेत आणि नाण्यांच्या रूपाने बाहेर पडत. फेब्रुवारी २०१४ च्या सुरुवातीला नाणी काढणंही बंद झालं, आणि तोच भाव इतरांच्या खूप खाली कोसळला. महिनाअखेरीस कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे ८,५०,००० नाणी नाहीशी होती. त्यातली २,००,००० पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडली. लोकांना नाणी परत मिळायला २०२४ उजाडलं. भावातला असा फरक म्हणजे वहीतलं नाणं आणि हातातलं नाणं यांतली दरी. ती दिसली की आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

ठरावीक काळाने थोडी रक्कम बाहेर काढून पाहा, बातमी असो वा नसो. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. वेळ वाढू लागला तर तो इशारा समजा. 'आमच्याकडे राखीव नाणी आहेत' असे पुरावे एक्स्चेंज प्रसिद्ध करतात, ते चांगलंच आहे. पण तपासनीस म्हणून सांगते, त्यात देणी किती हे नसेल तर तो अर्धा ताळेबंद आहे, आणि तपासणीच्या दिवसापुरती उसनी आणलेली नाणीही त्यात दिसू शकतात.

व्याजाबद्दल थोडक्यात. २०११-१२ मध्ये बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट ही योजना आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत देण्याचं वचन देत होती. चक्रवाढीने वर्षात तेहतीस पटींहून जास्त होतात. ऑगस्ट २०१२ मध्ये ती कोसळली, आणि चालकाला पुढे तुरुंगवास झाला. कोणीही परतावा सांगितला की तो वर्षाला चक्रवाढीने काढा आणि तो देणारा कोण, हे विचारा. उत्तरात 'गुपित' आलं तर उठा.

तुमच्या मागे

घरच्या एखाद्या विश्वासू माणसासाठी एक पत्र लिहा. त्यात वॉलेटचे ते बारा-चोवीस शब्द नकोत. वॉलेटचं नाव, कुठल्या प्रकारचं, शब्दांचा कागद कुठे, पासफ्रेज आहे की नाही, कुठल्या एक्स्चेंजवर खातं आहे, आणि मदत करतो म्हणून फोन करणाऱ्या कोणालाही काही सांगू नये, हे सगळं साध्या भाषेत लिहा. तुम्ही समोर असताना त्या माणसाकडून थोड्या रकमेचं वॉलेट पत्रावरून उभं करून घ्या. जिथे तो अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा. वॉलेट बदललं की नवं पत्र, वर तारीख, आणि जुनं जाळून टाका.