हलक्या वाऱ्याच्या जादा शिडासाठी डोलकाठी सज्ज करताना या चुका टाळा

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा-बामणोलीच्या बाजूला सकाळी वारा पुष्कळदा इतका मंद असतो की नेहमीच्या जिबवर (पुढच्या शिडावर) बोट जागची हलत नाही, आणि मग फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या) पुढे मोकळे उभारायचे एखादे मोठे, हलके शीड घ्यावेसे वाटू लागते. पैसे शिडावर खर्च होतात. डोलकाठीचा विचार मात्र शीड घरी आल्यावर सुरू होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नव्या शिडाचे हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) फोरस्टे डोलकाठीला जिथे जोडलेला असतो त्या जोडाखालच्या, जिबसाठी असलेल्या चाकावरून बाहेर काढणे. शीड फोरस्टेच्या पुढे आणि दोर मागे अशी स्थिती झाली की दोर फोरस्टेवर घासत राहतो आणि जिबला फर्लर (शीड गुंडाळणारे यंत्र) असेल तर त्याच्या वरच्या स्विव्हलभोवती (फिरत्या जोडाभोवती) गुंडाळला जातो. नवे हॅलयार्ड या जोडाच्या वरून आणि पुढूनच निघायला हवे. शिवाय डोलकाठीत बसवलेले चाक सरळ ओढीसाठी असते. वारा बाजूने घेतला की शीड आडवे ओढते आणि दोर चाकाच्या कडांवर झिजतो. पुढे आलेल्या मजबूत कडीला चहूकडे फिरणारी कप्पी टांगणे हा उपाय साधा आहे आणि लहान बोटीसाठी माझ्या मते तोच योग्य आहे.

भाराचा हिशेब बहुतेकांकडून राहून जातो. लफला (शिडाच्या पुढच्या कडेला) 100 किलोचा ताण दिला आणि दोर डोलकाठीच्या पायथ्याशी क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) अडकवला, तर वरच्या कप्पीवर सुमारे 200 किलोचा भार येतो, कारण शिडाकडे जाणारी आणि खाली उतरणारी अशा दोराच्या दोन्ही बाजू तिला खाली खेचतात. शिडाच्या डोक्याशी आणखी एक कप्पी लावून दोर दुहेरी घेतला, तर हाच भार सुमारे 150 किलोवर येतो. फोरस्टे शेंड्यापर्यंत न जाता खालीच जोडलेला असेल, तर जोडाच्या वरच्या भागाला हा ताण पेलणारा आधार नसतो. तिथे कप्पी फार वर नेली की शेंडा वाकतो आणि मेनसेलचा (मुख्य शिडाचा) आकार बिघडतो. अशा डोलकाठीवर कप्पी जोडाच्या थोडीच वर ठेवावी आणि भरपूर ताण मागणाऱ्या कोड झिरो शिडाऐवजी नायलॉनचे ड्रिफ्टर शीड घ्यावे.

दोर बाहेर येण्याच्या खाचा एकाच उंचीवर पाडल्या तर डोलकाठी नेमकी तिथे कमकुवत होते. त्या वरखाली ठेवाव्यात आणि कोपरे गोल करावेत, कारण चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे स्क्रू दोन धातूंना वेगळे ठेवणारी पेस्ट लावूनच पिळावेत. गोड्या पाण्यात हा गंज सावकाश चढतो म्हणून आपल्याकडे त्याकडे दुर्लक्ष होते, पण पुढे स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू जागचा हलत नाही. काम झाल्यावर डोलकाठी पुन्हा उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे मान वर करून पाहावे. पाण्याकडे उतरणाऱ्या गावरस्त्यांवर त्या अनेकदा डोक्यावरूनच गेलेल्या असतात.

टॅक (शिडाचा पुढचा, खालचा कोपरा) पुढच्या रेलिंगला बांधू नये, ते माणसाला धरण्यासाठी असते. टॅकसाठी छोटा बोस्प्रिट (बोटीपुढे निघणारा दांडा) आणि त्याला खालून नाळेशी (बोटीच्या पुढच्या टोकाशी) ओढून धरणारा बॉबस्टे हवा.

नवे शीड गुंडाळताना खालचा भाग फिरतो आणि वरचा तसाच राहतो, अशी तक्रार असेल तर आधी हॅलयार्ड ढिले आहे का ते पाहावे. पॉलिस्टरचा दोर एक टक्का जरी ताणला, तरी 9 मीटरच्या डोलकाठीवर 9 सेंटिमीटर ढील पडते. गुंडाळायच्या शिडाला डायनीमाचा (फारच कमी ताणणाऱ्या धाग्याचा) दोर घ्यावा. शिडाचे स्विव्हल थेट कप्पीला टेकले असेल तर तेही फिरत नाही, म्हणून मध्ये थोडी फट ठेवावी. जिबचा फर्लर अडला, तर जोर लावू नये. वापरात नसलेले नवे हॅलयार्ड त्यात अडकले असण्याचीच शक्यता जास्त असते. ते नेहमी डोलकाठीजवळ ताणून बांधावे.

चैत्र-वैशाखात वळवाचा वारा डोंगराआडून अचानक उतरतो, तेव्हा हे शीड क्षणात खाली यायला हवे. त्यासाठी बोट किनाऱ्याला असतानाच वारा पडलेला पाहून शीड पूर्ण चढवावे आणि दोर सोडून द्यावा. ते स्वतःच्या वजनाने उतरले नाही, तर दोर कप्पीच्या मानाने जाड आहे किंवा डोलकाठीच्या आत दुसऱ्या हॅलयार्डशी त्याचा पीळ पडला आहे.