क्लॅटचं लॉजिकल रीझनिंग: सराव भरपूर, गुण जागच्या जागी? या चुका टाळा

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्या लॉजिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे तर्काच्या विभागात, २४ पैकी १४-१५ वर गाडी अडली की बहुतेक जण आणखी एक टेस्ट सिरीज विकत घेतात. त्याने आकडा सहसा हलत नाही. या विभागात उत्तर चुकतं ते बऱ्याचदा एखादा शब्द नजरेतून निसटल्यामुळे, आणि तो शब्द कोणता हे स्कोअरकार्ड सांगत नाही. तो आपणच शोधायचा असतो. सरावात नेमकं तेवढंच राहून जातं.

चुकीच्या परीक्षेचा सराव

आधी पेपर ओळखा. क्लॅट यूजी (बारावीनंतरच्या पदवीसाठीची परीक्षा) २०२० पासून उताऱ्यांवर आधारित आहे. २०२४ च्या परीक्षेपासून १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि त्यांतले २२ ते २६ लॉजिकल रीझनिंगचे. उतारा ४५० शब्दांपर्यंत जातो आणि त्याखाली पाच-सहा प्रश्न येतात: निष्कर्ष कोणता, गृहीतक कोणतं, युक्तिवाद कशाने बळकट होईल, कशाने कमजोर होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत, आयलेटमध्ये, १५० पैकी ७० प्रश्न लॉजिकलचे असतात आणि त्यात कोड्यांनाही जागा असते. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची एमएच सीईटी लॉ आणखी वेगळी. तिथे मालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, बैठकव्यवस्था असे सुटे प्रश्न येतात.

म्हणून थोरल्या भावंडाचं २०२० पूर्वीचं गाइड क्लॅटसाठी फारसं उपयोगी नाही, पण एमएच सीईटीसाठी चालतं. एकाच वहीत दोन्हींचा सराव केला तर प्रगती नेमकी कुठे झाली तेच कळत नाही. दोन वह्या करा. क्लॅटसाठी कन्सॉर्शियमच्या (परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाच्या) जुन्या प्रश्नपत्रिका आधी, बाकी सगळं नंतर. अमेरिकेच्या एलसॅट या विधी प्रवेश परीक्षेचे युक्तिवादाचे प्रश्नही उत्तम सराव देतात. मात्र तिथला लॉजिक गेम्सचा, म्हणजे तर्ककोड्यांचा, विभाग ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला आहे, त्यामुळे जुन्या संचांतल्या त्या भागावर क्लॅटसाठी वेळ घालवू नका.

‘तर’ आणि ‘तरच’ एकच समजणं

सर्वाधिक गुण इथे जातात. ही वाक्यं पाहा.

अर्ज वेळेत आला तर त्याचा विचार होईल.
अर्ज वेळेत आला तरच त्याचा विचार होईल.

पहिल्या वाक्यात वेळेत येणं पुरेसं आहे. उशिरा आलेल्या अर्जाचं काय होईल, यावर ते गप्प आहे. दुसऱ्यात वेळेत येणं आवश्यक आहे, पण पुरेसं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. दुसऱ्या वाक्यावरून ‘वेळेत आलेल्या प्रत्येक अर्जाचा विचार होईल’ हा पर्याय निवडला की गुण तर गेलाच, चुकीच्या उत्तराचा पाव गुणही कापला गेला. इंग्रजी उताऱ्यात हा फरक ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांत दडलेला असतो. मराठीत एक ‘च’ तेच काम करतो. वाचताना मनातल्या मनात तो ‘च’ लावून पाहा, अर्थ लगेच वेगळा होतो.

‘अनलेस’चंही तसंच. ‘थकबाकी भरल्याशिवाय नळजोडणी मिळणार नाही’ यावरून एवढंच कळतं की ज्याला जोडणी मिळाली त्याने थकबाकी भरली आहे. ज्याने भरली त्याला ती मिळेलच, असं नाही. वहीत अशी वाक्यं बाण काढून लिहा: जोडणी → थकबाकी भरली. बाण उलटा फिरवायचा नाही. दोन्ही बाजूंना नकार लावून मात्र फिरवता येतो: भरली नाही → जोडणी नाही. पंधरा-वीस वाक्यं बाणांनी लिहून काढली की हात बसतो.

नकार चुकवणं

गृहीतक तपासायची जुनी युक्ती म्हणजे पर्याय नाकारून पाहणं. नाकारल्यावर युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक. युक्ती बरोबर आहे, पण नकार देण्यातच गफलत होते. ‘सर्व अर्जदार पात्र आहेत’ याचा नकार ‘एकही पात्र नाही’ हा नव्हे. ‘किमान एक अर्जदार पात्र नाही’ हा आहे. ‘काही पात्र आहेत’ याचा नकार मात्र ‘एकही पात्र नाही’ हाच.

एमएच सीईटी मराठीतून देणाऱ्यांनी इथे जास्तच सावध राहावं. ‘सर्व अर्जदार पात्र नाहीत’ हे मराठी वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं. अशा वेळी त्याच प्रश्नाची इंग्रजी आवृत्ती पाहून अर्थ पक्का करा. आणि ‘काही’ म्हणजे ‘किमान एक’, त्यात ‘सर्व’ही बसतात. ‘काही वकील लेखक आहेत’ यावरून ‘काही वकील लेखक नाहीत’ हे निघत नाही, बोलण्यात कितीही निघत असलं तरी.

आता युक्ती चालवून पाहू. समजा उताऱ्यात असं आहे: नगरपालिकेने बाजारातल्या पार्किंगचे दर दुप्पट केले. पुढच्या महिन्यात कोंडी कमी झाली. म्हणजे दरवाढीमुळे लोक गाड्या घरी ठेवून बसने येऊ लागले. गृहीतक कोणतं?

(अ) दर वाढवल्याशिवाय कोंडी कमी होऊच शकत नाही.
(ब) त्या महिन्यात ग्राहकच कमी आल्यामुळे कोंडी घटलेली नाही.
(क) नगरपालिकेने बसगाड्यांची संख्या वाढवली.
(ड) महाग पार्किंग लोकांना आवडत नाही.

बरेच जण ‘ड’ घेतात, कारण ते खरं वाटतं. पण आवडत नसतानाही लोक पैसे भरतातच, त्यामुळे ‘ड’ने युक्तिवादातली फट बुजत नाही. ‘अ’ गरजेपेक्षा फार मोठं विधान आहे. कोंडी इतर उपायांनीही कमी होत असेल, त्याने या युक्तिवादाचं काही बिघडत नाही. ‘क’ नाकारलं, बस तेवढ्याच राहिल्या, तरी लोक त्याच बसने येऊ शकतात. ‘ब’ नाकारा: ग्राहकच कमी आले म्हणून कोंडी घटली. निष्कर्ष कोसळला. उत्तर ‘ब’.

‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे शब्द दिसले की पर्याय आपोआप खोडणारेही असतात. तेही चूक. उताऱ्यात तितकंच ठाम विधान असेल तर तसा पर्याय बरोबर ठरतो. पर्यायाचा जोर उताऱ्याच्या जोराशी ताडून पाहायचा.

उताऱ्याशी वाद घालणं

फाशीची शिक्षा, आरक्षण, समाजमाध्यमांवरचं नियंत्रण अशा विषयांवर ज्याने खूप वाचलंय त्याला लेखकाचं म्हणणं पटत नाही, मग तो स्वतःचं मत असलेला पर्याय निवडतो. चालू घडामोडींचा अभ्यास पक्का असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, हे थोडं विचित्रच. उपाय साधा आहे. उतारा वाचून झाला की पर्याय न पाहता समासात निष्कर्ष आठ-दहा शब्दांत लिहा, ‘लेखक म्हणतो की’ अशी सुरुवात करून. निष्कर्ष शेवटच्याच वाक्यात असतो असंही नाही. ‘त्यामुळे’, ‘यावरून’, ‘तरीही’ यांच्या मागेपुढे शोधा.

नात्यांचं घाईने मराठीकरण

एमएच सीईटी इंग्रजीतून देणारे ‘अंकल’ वाचून डोक्यात ‘काका’ घेतात. तो मामा असेल, आत्याचा किंवा मावशीचा नवराही असेल. ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हणजे नणंद, जाऊ, वहिनी की मेहुणी, हे प्रश्नात सांगितल्याशिवाय ठरवायचं नाही. आपली भाषा नात्यांच्या बाबतीत फार काटेकोर, म्हणूनच ती इथे दगा देते. वंशवेल काढा, पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला वर्तुळ, आणि लिंग माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. नावावरून लिंग ठरवू नका.

मॉक देऊन उत्तरतालिका लगेच उघडणं

मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सोडवताना ज्या प्रश्नांवर शंका आली त्यांच्यापुढे टिंब द्या. वेळ संपल्यावर, तालिका न पाहता, तेवढेच प्रश्न घड्याळाशिवाय पुन्हा सोडवा आणि दुसऱ्या रंगाने उत्तर लिहा. मग तपासा.

पहिल्यांदा चूक, दुसऱ्यांदा बरोबर: समज आहे, वेग किंवा घाई नडली.
दोन्ही वेळा चूक: त्या प्रकाराची संकल्पनाच कच्ची आहे, मॉक थांबवून तेवढ्याच प्रकाराचा सुटा सराव करा.
पहिल्यांदा बरोबर, पण इतर तीन पर्याय का चूक ते सांगता येत नाही: तुक्का लागला. चूक म्हणूनच नोंदवा.

चुकांच्या वहीत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहायला बंदी. त्याऐवजी प्रश्नाचा प्रकार, निवडलेला पर्याय, तो का मोहात पाडून गेला, आणि कोणत्या शब्दाने तो चूक ठरतो, एवढं लिहा. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवा. तोच मोहक पर्याय पुन्हा हाताला आला तर कळेल की पहिल्या वेळी फक्त उत्तर पाठ झालं होतं. एका मॉकला दोन तास लागले तर तपासणीला किमान तेवढेच ठेवा. आठवड्याला पाच मॉक देऊन तपासणी शून्य, यापेक्षा दोन मॉक नीट तपासलेले बरे.

वेळ आणि ऋण गुण

सुरुवातीचे तीन-चार आठवडे घड्याळ लावू नका; चुकीची पद्धत घड्याळ लावून फक्त जास्त वेगाने चुकते. अचूकता २४ पैकी १९-२० वर आली की एका उताऱ्याला आठ मिनिटं द्या, मग सात, मग साडेसहा. वाचनाला दोन ते अडीच, उरलेली प्रश्नांना. एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं तर खूण करून पुढे जा.

क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापतात. म्हणून काही जण दोन पर्याय खोडूनही प्रश्न सोडतात. हिशेब करा: दोनांतला एक निवडला तर सरासरी ०.५ उणे ०.१२५, म्हणजे ०.३७५ गुण हाती येतात. तीनांतून निवडलं तरी साधारण ०.१७. तोटा सुरू होतो तो अचूकता २० टक्क्यांच्या खाली गेली की. मात्र ज्या प्रकारात तुमची वही सांगते की मोहक पर्याय तुम्हाला हमखास पकडतो, तिथे हा सरासरीचा हिशेब लागू नाही. असा प्रश्न सोडलेला चालतो. एमएच सीईटीत ऋण गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचं कारण नाही.

क्लॅट कागदावर होते, त्यामुळे घरचा सरावही ओएमआरवर (गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर) आणि बॉलपेननेच करा. प्रत्येक उतारा संपला की त्याचे गोळे भरा. सगळे शेवटी भरायला ठेवले आणि मधला एक प्रश्न सोडलेला असला, तर पुढची अख्खी रांग एका घराने सरकते.