हाळिवाचा वाफा: पाला आणि बी

आपल्याकडं हाळीव म्हटलं की बाळंतिणीचे लाडू आठवतात, पण त्याचा कोवळा पालाही तितकाच गुणाचा. रोप मोहरीच्या कुळातलं, त्यामुळं पानं झणझणीत लागतात. दिवाळीनंतर थंडी पडली की पेरा. उन्हं तापल्यावर पेरलेला हाळीव पाला धरण्याआधीच फुलावर येतो.

जागा ताजी खणलेली, भुसभुशीत हवी. वाळवा-मिरजेकडच्या काळ्या मातीवर पाणी सुकलं की खपली धरते आणि हा बारीक कोंब ती फोडू शकत नाही. म्हणून वरच्या दोन बोटं थरात चाळलेलं शेणखत आणि वाळू मिसळा. मीठ फुटलेलं रान टाळा, तिथं उगवण तुटक होते. माण-जतच्या मुरमाड जमिनीत खपलीचा त्रास कमी, पण ओल लवकर उडते.

एक मीटर लांब-रुंद वाफ्याला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा बी पुरे. बी भिजवायचं नाही. पाणी लागताच दाण्याभोवती बुळबुळीत आवरण फुगतं, दाणे एकमेकांना चिकटतात आणि पेरताना गोळेच पडतात. दोन मुठी कोरड्या वाळूत मिसळून फोका, वरून खराटा हलकाच फिरवा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वाया जातं. पाणी झारीनंच द्या. पाट सोडला तर बी वाहून कडेला साचतं.

चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. तणातून ओळखायची खूण पक्की आहे: हाळिवाची पहिली जोडपानंच तीन-तीन भागांत चिरलेली असतात. दाटी झाली आणि संध्याकाळी पाणी दिलं की रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. पाणी सकाळीच द्यावं.

दोन-तीन आठवड्यांत पाला चार बोटं होतो. बोटभर बुडखा ठेवून कात्रीनं कापा, दुसरी कापणीही मिळते. चिरून दह्यात कच्चाच घाला, शिजवला की तिखटपणा जातो.

बियांसाठी वेगळी ओळ धरा: ओळींत ३० सेंमी, रोपांत १० सेंमी अंतर. पांढऱ्या फुलांवर मावा दिसला तर तेवढा शेंडा खुडा. प्रत्येक चपट्या शेंगेत दोनच दाणे असतात आणि पूर्ण वाळल्या की त्या फुटून दाणे सांडतात. खालच्या शेंगा पिवळट होताच, दंव असताना सकाळी रोपं कापा, गोणपाटावर सावलीत वाळवा, मग काठीनं झोडून सुपानं पाखडा. साठवणीच्या डब्यात ओल राहू देऊ नका.