बार्क पेंटिंग: साल, गेरू आणि नक्षीचा हक्क

आर्नहेम लँडचं बार्क पेंटिंग हातात आलं की आधी उलटं करून त्याची मागची बाजू बघावी. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या भागातले योल्ङू आणि शेजारचे आदिवासी समाज झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांच्या कथा रंगवतात. साल नीट तयार झालेली नसेल, तर पुढची नक्षी कितीही देखणी असली तरी फार टिकत नाही.

झाड निलगिरीच्या जातकुळीतलं, स्ट्रिंगीबार्क. तिकडच्या पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, झाडात रस चढलेला असतो आणि साल सहज सुटते. कोरड्या महिन्यांत ती खोडाला चिकटून बसते आणि ओढली की चिरते. सरळ, गाठी नसलेलं, वाळवी न लागलेलं खोड निवडतात. कुऱ्हाडीने वर आणि खाली गोल काप घेतात, मग दोन्ही जोडणारा एक उभा काप, आणि तिथून साल हळूहळू उचकटत सोडवतात. बाहेरचा धागेदार थर तासून टाकतात. मग ती विस्तवावर धरतात. आतला ओलावा तापून साल मऊ पडते, आणि गरम असतानाच ती जमिनीवर पसरून दगड, ओंडके किंवा वाळूच्या पिशव्यांखाली दाबतात. वजन काही दिवस तसंच राहू द्यावं लागतं. घाई केली तर साल पुन्हा खोडासारखी वळते. ही ओढ तिच्यातून कधीच पूर्ण जात नाही. म्हणून टोकांना काठ्या बांधतात, किंवा मागे धातूचा आधार बसवतात.

रंगवायची ती आतली गुळगुळीत बाजू. रंग मोजके: तांबडा गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि काळ्यासाठी कोळसा किंवा मँगनीजचा दगड. खडा दगडावर पाण्यात उगाळतात. पूर्वी चिकटपणासाठी ऑर्किडच्या देठाचा रस वापरत. १९६० च्या दशकापासून लाकडाचा पांढरा गोंद आला. गोंद कमी पडला तर रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर चकाकतो आणि पुढे पापुद्रे सुटतात.

बारीक जाळीदार रेघांचा कुंचला माणसाच्या लांब, सरळ केसांचा असतो. मोजके केस एका काडीला बांधतात, रंगात बुडवून आडवे टेकवतात आणि एका दमात ओढतात. एका दिशेच्या रेघा वाळल्यावरच त्यांना छेदणाऱ्या रेघा. ओल्यावर ओढलं की कडा मिसळतात आणि पृष्ठभागाची लखलख मरते. योल्ङू लोकांसाठी ती लखलख म्हणजे पूर्वजांच्या शक्तीचं दिसणं, त्यामुळे ही चूक मोठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नक्षी ही सजावट नाही. योल्ङूंपैकी गुमाच कुळाच्या चित्रांतले शंकरपाळ्याच्या आकाराचे पट्टे म्हणजे बारू या पूर्वज-मगरीशी जोडलेली आग. ते काढायचा हक्क त्या कुळाचा. आजोळची नक्षी काढायची तर तिकडच्या वडीलधाऱ्यांची परवानगी लागते, आणि कुळाच्या लेकींची मुलं तिच्यावर राखणदारासारखं लक्ष ठेवतात. शिवाय प्रत्येक कथेला बाहेरची आणि आतली अशा पायऱ्या असतात. आपल्याला सांगितली जाते ती बाहेरची. तेवढ्यावर थांबावं, खोदून विचारू नये.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांच्या सालचित्रातली नक्षी त्यांना न विचारता छापली गेली. त्या चित्रात गुर्मिरिंगू या पूर्वज-शिकाऱ्याच्या अंत्यविधीची कथा होती. बोलबाला झाल्यावर मलांगींना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य मिळालं. म्हणून हात बसवायचा असेल तर गेरू, गोंद आणि केसांच्या कुंचल्याचा सराव जरूर करा, पण रेघा स्वतःच्या नक्षीत ओढा. इंटरनेटवरचं एखादं कुळचिन्ह उतरवून काढणं हा सराव नव्हे.

विकत घेताना समाजाच्या मालकीच्या कला केंद्राकडून घेणं उत्तम: यिरकलातलं बुकू-लार्ङ्गाय मुल्का, गुनबलान्यातलं इंजलाक. सोबतच्या प्रमाणपत्रावर चित्रकाराचं नाव, कुळ किंवा भाषा, केंद्राचा नोंदणी क्रमांक आणि कथेचा गोषवारा हवा. नुसतं ‘आदिवासी शैली’ लिहिलेलं असेल तर सोडून द्या. दुकानातून घेत असाल तर ते इंडिजिनस आर्ट कोडचं, म्हणजे आदिवासी कलेच्या प्रामाणिक व्यवहाराच्या ऑस्ट्रेलियातल्या आचारसंहितेचं, सदस्य आहे का, हे विचारा. चित्र पुढे ऑस्ट्रेलियातल्या गॅलरीमार्फत किंवा लिलावात १,००० डॉलर किंवा जास्त किमतीला विकलं गेलं, तर २०१० पासून लागू असलेल्या कायद्याने साधारणपणे ५ टक्के रक्कम चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जाते. त्यामुळे पावत्या जपा.

मुंबई-कोकणातल्या घरांसाठी खास सूचना. पावसाळ्यात साल ओलावा पिते, कोरड्या हवेत आकसते, आणि या हालचालीत रंग सुटतो. बाहेरच्या भिंतीवर, स्वयंपाकघराजवळ किंवा एसीच्या झोताखाली ते लावू नका. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील अशी खोली निवडा. वळलेली साल दाबून सपाट केली तर ती तडकते, म्हणून तिचा बाक तसाच राहू द्या. काच लावायची तर रंगाला न टेकणारी. ओलं फडकं कधीच नको. पापुद्रा निखळलाच, तर तो स्वतः चिकटवू नका. कागदी पाकिटात ठेवा आणि संग्रहालयाच्या कामाचा अनुभव असलेल्या संवर्धकाला दाखवा.